गोव्यातून धोलावीरा: रणातले प्राचीन नगर पाहायला जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कच्छच्या मोठ्या रणात खडीर नावाचे बेट आहे. पावसाळ्यानंतर त्याच्याभोवती पाणी साचते, हिवाळ्यात त्याच पाण्याचे मीठ होते. या बेटावर इसवीसनपूर्व ३००० च्या सुमारास हडप्पा संस्कृतीचे एक नगर वसले आणि सुमारे दीड हजार वर्षे नांदले. आजच्या धोलावीरा गावाशेजारी त्याचे अवशेष आहेत. गुजराती पाट्यांवर हेच नाव ‘धोळावीरा’ असे दिसेल. गोव्यातून तिकडे जाणाऱ्यांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

नुसते पडके दगड पाहायला एवढ्या लांब का जायचे?

कारण ते दगड पाण्यासाठी रचलेले आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, कच्छात साधारण त्याचा दहावा हिस्सा, आणि तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. जमिनीखालचे पाणी बहुतेक खारे. अशा ठिकाणी उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन पावसाळी ओढे हेरून, त्यांच्यामध्ये नगर आखले गेले. ओढ्यांवर जागोजागी दगडी बांध घातले, पाणी वळवले आणि तटाच्या आत ओळीने खोदलेल्या जलाशयांत उतरवले. जमिनीला सुमारे १३ मीटरचा उतार आहे, त्यामुळे एक जलाशय भरला की पाणी आपसूक पुढच्यात जाई.

खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारे बांधातले दार) ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हे समजायला वेळ लागत नाही. खारे पाणी बाहेर ठेवायचे, गोडे आत धरायचे, आणि दोन्हींची वेळ चुकू द्यायची नाही. आपल्याकडे भरती-ओहोटी आहे, तिथे वर्षातले मोजके पावसाचे दिवस होते. धोलावीऱ्यात हिंडताना ‘इथे राजा कुठे राहत असेल’ यापेक्षा ‘इथे पडलेला थेंब कुठे जात असेल’ हा प्रश्न मनात ठेवा. अवशेष त्याच प्रश्नाला भरभरून उत्तरे देतात.

किती दिवस हवेत?

गोव्यातून निघून परत येईपर्यंत सहा दिवस धरा. त्यातल्या दोन रात्री धोलावीऱ्यातच काढा. भुजहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारे पुष्कळ आहेत, पण ते नेमके अकरा ते तीन या वेळेत अवशेषांवर पोचतात. उन्हाने डोळे मिटतात, सपाट प्रकाशात भिंतींचे उठाव दिसत नाहीत आणि तासाभरात ‘पाहून झाले’ असे वाटते. सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्यास्ताआधीचा दीड तास हीच इथली खरी वेळ. तिरप्या उजेडात मातीखालच्या खोल्यांच्या रेषासुद्धा उमटतात.

सहा दिवस असे बसवता येतात: पहिल्या दिवशी गोव्याहून अहमदाबाद. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने निघून दुपारनंतर धोलावीरा, संध्याकाळी फक्त जलाशय. तिसरा पूर्ण दिवस नगर, संग्रहालय आणि जीवाश्म. चौथ्या दिवशी रणातल्या रस्त्याने खावडामार्गे भुज. पाचवा भुजसाठी. सहाव्या दिवशी भुजहून मुंबईमार्गे गोवा.

गोव्यातून कसे पोचायचे?

विमानाने अहमदाबाद सर्वांत सोपे. तिथून विरमगाम, राधनपूर, सांतलपूर, रापर असा रस्ता आहे. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेसहा ते सात तास. भुजला विमानतळ आहे, पण गोव्याहून मुंबईत विमान बदलावे लागते. तिकीट काढताना गोव्याचा विमानतळ नीट वाचा. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा. जाताना एक आणि येताना दुसरा निवडला गेला की विमानतळावर ठेवलेली स्वतःची गाडी भलत्याच तालुक्यात राहते.

रेल्वेने जायचे तर मडगावहून कोकण रेल्वेमार्गे गांधीधामला जाणाऱ्या साप्ताहिक गाड्या आहेत: नागरकोईल–गांधीधाम आणि तिरुनेलवेली–गांधीधाम. प्रवास एका दिवसाहून लांबतो. गांधीधामहून भचाऊ, रापर करत टॅक्सीने धोलावीरा गाठता येते. या गाड्या आठवड्यातून एकदाच असल्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वार जुळतो का ते आधी पाहा. बहुतेकांना एक बाजू रेल्वेने आणि दुसरी विमानाने करावी लागते.

स्वतःची गाडी घेऊन जायचे असेल तर एका बाजूचे अंतर चौदाशे किलोमीटरच्या पुढे जाते. एकटा चालक असेल तर तीन दिवस, दोघे असतील तर दोन. त्याहून घाई करू नका, कारण शेवटचा टप्पा अंधारात येतो आणि तोच सर्वांत ओसाड आहे.

आमचा धंदा पर्यटनाचा. आम्हाला सुटी फक्त पावसाळ्यात मिळते. जून ते सप्टेंबरमध्ये गेले तर?

गोव्यातून हा प्रश्न फार येतो, आणि तो रास्त आहे. शॅक, हॉटेल, टॅक्सी चालवणाऱ्यांचा सीझन आणि रणाचा सीझन एकच: नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पावसाळ्यात अवशेष पाहता येतात, कारण ते बेटाच्या उंचवट्यावर आहेत. पांढरे रण मात्र दिसणार नाही. दोन्ही बाजूंना पाणी असेल आणि रणातला रस्ता पाण्याखाली गेला तर वाहतूक थांबते. तेव्हा रापरच्या बाजूनेच जा आणि निघण्याच्या सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्ता विचारा. हवा दमट आणि गरम असते, माश्या-डास वाढतात. याच्या बदल्यात एक गोष्ट मिळते. चांगला पाऊस झालेल्या वर्षी ओढे वाहताना आणि खोदीव जलाशयांत पाणी साचलेले पाहता येते. ज्यांना नगराची रचना समजून घ्यायची आहे त्यांना हे हिवाळ्यातल्या मिठापेक्षा मोलाचे वाटेल.

एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा नको. पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो आणि अवशेषांवर सावली नाही. दसऱ्याच्या सुमारास मीठ अजून धरलेले नसते आणि ऊनही उतरलेले नसते. सीझनवाल्यांसाठी आमचा सल्ला: कार्निव्हल उरकला की फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा यातले पाच-सहा दिवस काढा. दुपारी तापते, पण सकाळी सुखाचे असते, आणि नाताळच्या सुटीतली गर्दी ओसरलेली असते.

हिवाळ्यात थंडी किती असते?

गोव्याच्या माणसाला बोचेल इतकी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, दुपारी पंचविशीच्या वर जातो. एकच जाड जॅकेट नेण्यापेक्षा पातळ स्वेटर, वारा अडवणारे जर्किन आणि कानटोपी असे थर न्या. सूर्योदय गाठायचा तर लक्षात ठेवा: जानेवारीच्या मध्यात गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, धोलावीऱ्यात साडेसातला. उगाच पहाटे साडेपाचला कुडकुडत उभे राहू नका.

भुजकडून जावे की रापरकडून?

शक्य असेल तर एका बाजूने जा, दुसऱ्या बाजूने या. जुना रस्ता भचाऊ–रापर–बालासर असा बेटावर येतो. भुजहून हा फेरा दोनशे किलोमीटरच्या पुढचा. घडुली–सांतलपूर या नव्या राष्ट्रीय महामार्गाचा खावडा ते धोलावीरा हा भाग थेट रणातून गेल्याने भुज–धोलावीरा अंतर एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास आले आहे. यातले सुमारे तीस किलोमीटर डावी-उजवीकडे फक्त मीठ किंवा पाणी असते. ‘रोड टू हेवन’ म्हणून छायाचित्रांत दिसतो तो हाच.

या पट्ट्यात पेट्रोल पंप, पंक्चरवाला, चहाची टपरी यांचा भरवसा धरू नका. भुज किंवा रापर सोडताना टाकी पूर्ण भरा. लोक फोटोसाठी भर रस्त्यात गाडी उभी करतात, मागून मालट्रक वेगात येतात आणि चकाकणाऱ्या मिठामुळे समोरच्या गाडीचे अंतर चुकीचे भासते. थांबायचे तर रस्त्याची कड रुंद असेल अशी जागा पाहा आणि गाडीतले सगळे एकाच बाजूने उतरा.

सूर्यास्तानंतर दोन्ही रस्ते टाळा. नीलगायी, म्हशी, उंट अंधारात रस्त्यावर येतात, आणि उंटाचे डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर असतात, त्यामुळे तो चमकून दिसत नाही.

मीठ घट्ट दिसते. थोडी गाडी उतरवली तर चालेल ना?

नाही. वरचा पांढरा थर काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी त्याहून कमी असतो. खाली काळा, ओला, चिकट चिखल. पायी चालताना थर धरतो, कारण माणसाचे वजन कमी. गाडीचे चाक मात्र तो फोडते, चाक फिरवले की खारा चिखल उडून खड्डा खोल होतो आणि पाच मिनिटांत गाडी पोटावर बसते. चारचाकी-चालनाच्या गाड्याही अशाच रुततात. फोर बाय फोर असल्याने धीर जास्त येतो, म्हणून त्या कडेपासून जास्त आत जाऊन रुततात. मग ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि ओढून काढताना बंपर किंवा एक्सल जायबंदी होते.

चुकून एखादे चाक उतरलेच तर ॲक्सिलरेटर देत बसू नका. सगळे उतरा, चाकासमोरचा चिखल हाताने किंवा फळकुटाने काढा, गाडीतल्या पायपुसण्या चाकाखाली घाला आणि ज्या चाकोरीने आत गेलात त्याच चाकोरीने मागे घ्या. पुढे जाऊन वळण्याचा प्रयत्न केला की दुसरे चाकही जाते.

पंक्चरचे मुख्य कारण मात्र मीठ नाही, काटे. कच्छभर पसरलेल्या गांडो बावळ या विलायती बाभळीचा काटा टायरच्या भिंतीत सहज घुसतो. स्टेपनीत हवा आहे का हे निघण्याआधी पाहा, पाहायचे राहून जाते ते हेच.

पाणी किती घ्यावे?

अवशेषांवर घालवायच्या अर्ध्या दिवसासाठी माणशी दोन लिटर, पूर्ण दिवसासाठी चार. शिवाय गाडीत पाच लिटरचा एक कॅन, त्याला हात न लावता. गाडी बंद पडली तर तो उपयोगी येतो.

गोवेकरांची इथे ठरलेली चूक होते. आपल्याकडे हवा दमट, घाम अंगावरून ओघळतो, सदरा भिजतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. रणात हवा कोरडी आणि वारा सतत. घाम येतो तसा उडतो, अंग कोरडे राहते, आणि माणसाला वाटते आपल्याला घाम येतच नाही. दुपारपर्यंत डोके ठणकू लागते, लघवी गडद होते, चिडचिड वाढते. तहानेची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट घ्या. डोकेदुखी सुरू झाल्यावर एका दमात लिटरभर पाणी ढोसल्याने उलटी होते.

नुसते पाणी पुरत नाही, मीठही भरून काढावे लागते. ओआरएसची पुडी असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, म्हणजे मोठी पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर उलट अपाय होतो, चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. घरचा कोकमाचा आगळ नेत असाल तर उत्तम, फक्त त्यात मीठ आधीच असते हे ध्यानात घेऊन वरून घालू नका. बाटली चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.

बेटावरच्या विहिरीचे किंवा हापशाचे पाणी पिऊ नका. ते खारट असू शकते आणि सवय नसलेल्यांचे पोट बिघडते.

कपडे आणि बूट कोणते?

पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, पूर्ण पँट, मानेवर येणारी टोपी किंवा पंचा. मीठ ऊन परतवते, त्यामुळे हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि कानांच्या मागे भाजते. टोपी या ठिकाणी काही करत नाही, तिथे सनस्क्रीनच लावावे लागते. गॉगल हौसेचा नको, अतिनील किरण अडवणारा हवा. ओठांना व्हॅसलिन.

पायात बंद बूट. चप्पल घालून गेलात तर काटा, तापलेला दगड आणि मिठाचे बारीक तुकडे तिन्ही पायाला लागतात. टाचेला भेग असेल तर मीठ झोंबून चालणे नकोसे होते.

अवशेष कोणत्या क्रमाने पाहावेत?

आधी संग्रहालय. पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालये शुक्रवारी बंद असतात, म्हणून धोलावीऱ्याचा पूर्ण दिवस शुक्रवारी येऊ देऊ नका. मुद्रा, वजने, मणी, शंखाच्या बांगड्या आणि नगराचा नकाशा पाहायला तास लागतो. नकाशाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, पुढे तोच कामी येतो.

नंतर पूर्वेचा मोठा जलाशय. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटरहून खोल. काठावर उभे राहून आत उतरणाऱ्या पायऱ्या मोजा आणि पाणी उतरत जाईल तसे माणसे एकेक पायरी खाली कशी जात असतील ते डोळ्यांसमोर आणा.

तिथून बालेकिल्ल्यात शिरा. भिंती आतून कच्च्या विटांच्या आणि बाहेरून दगडी अस्तराच्या आहेत. मोहेंजोदडो, हडप्पा म्हटले की भाजक्या विटा डोळ्यांपुढे येतात. इथे खडीरचाच दगड वापरलेला. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो तासलेला, घट्ट बसवलेला दगड पाहून हात लावावासा वाटेल, पण लावू नका. दरवाज्यांत चकचकीत घासलेल्या चुनखडीच्या खांबांचे भाग दिसतात. चार हजार वर्षांनंतरही त्यांची झिलई टिकून आहे. बालेकिल्ल्याच्या पोटातून पावसाचे पाणी वाहून नेणारी दगडी गटारे जातात, त्यातली काही वाकून माणूस शिरेल एवढी मोठी. ही सांडपाण्याची नव्हेत, छतांवरचे आणि चौकांतले पावसाचे पाणी गोळा करायची आहेत. ते पाहिल्याशिवाय पुढे सरकू नका.

उत्तर दरवाज्यातून बाहेर पडले की सुमारे २८३ मीटर लांबीचे मोकळे मैदान लागते. त्याच्या कडेला बसायला पायऱ्यांसारखे ओटे आहेत. सण, बाजार, जमाव, काय काय भरत असेल याबद्दल अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. पलीकडे मध्यनगर, मग पूर्वेला खालचे नगर. बाहेरचा तट सुमारे ७७१ मीटर बाय ६१७ मीटर, म्हणजे नुसती फेरी मारली तरी पावणेतीन किलोमीटर होतात.

शेवटी दक्षिणेचे जलाशय. कातळात कोरलेली ही टाकी पाहताना सह्याद्रीच्या गडांवरची टाकी आठवतात. हिशोब तोच: कातळ गळत नाही, म्हणून पाणी कातळात. वेळ उरला तर पश्चिमेची दफनभूमी. तिथल्या अर्धगोल स्तूपासारख्या समाध्यांपैकी काहींत मानवी सांगाडे सापडले नाहीत, फक्त मडकी आणि मणी.

या सगळ्याला चार तास लागतात. दोन हप्ते करा, सकाळी आणि संध्याकाळी.

सिंधू लिपीतल्या मोठ्या चिन्हांचा तो प्रसिद्ध फलक कुठे दिसतो?

दहा मोठ्या चिन्हांची ती ओळ बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाज्यापाशी सापडली. जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर जडवलेले होते, प्रत्येक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच. लाकूड कुजून गेले, तुकडे त्याच क्रमाने पडून राहिले. मूळ चिन्हे उघड्यावर ठेवलेली नाहीत, संग्रहालयात प्रतिकृती पाहावी.

त्यावर काय लिहिले आहे हे कोणी ठामपणे सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. मात्र मुद्रांवरची अक्षरे बोटाच्या पेराएवढी, आणि ही हातभर. दुरून दिसावी म्हणूनच एवढी मोठी केली, इतके निश्चित म्हणता येते, आणि तेही थोडके नाही.

हे नगर कोणी शोधले आणि ते ओस का पडले?

गावकरी या टेकाडाला कोटडा म्हणत. पुरातत्त्व खात्याचे जगत पती जोशी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याची नोंद केली. रवींद्रसिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून उत्खनन झाले. २७ जुलै २०२१ रोजी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. भारताचे ते चाळिसावे स्थळ. आपले जुने गोवे १९८६ पासून त्या यादीत आहे.

ओस पडण्यामागे हवामान कोरडे होत जाणे आणि दूरचा व्यापार आटणे ही मुख्य कारणे मानली जातात. शेवटच्या टप्प्यात इथे गोल झोपड्यांतून राहणारी माणसे होती. त्यांच्या पायाच्या वर्तुळाकार रेषा पाहून मग गावातले भुंगे, म्हणजे कच्छी गोल घरे, पाहा.

गाईड घ्यावा का?

घ्यावा, पहिल्या फेरीला. गावातली काही माणसे उत्खननात मजूर म्हणून राबलेली आहेत. कुठली भिंत किती खोल निघाली हे त्यांनी स्वतःच्या फावड्याने पाहिले आहे. त्यांच्याशी हिंदीत बोलता येते. दुसरी फेरी मात्र एकट्याने, नकाशा घेऊन करा.

जेवणाचे काय? मासळीशिवाय घास उतरत नाही.

चार दिवस उतरवावा लागेल. खडीरवर जेवण बहुतेक शाकाहारी: बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, शेव-टमाट्याचे शाक, खिचडी-कढी, लसणाची चटणी, गूळ, तूप आणि ताक. ताक नाकारू नका, उन्हात तेच सर्वांत मानवते. रोटला सवय नसेल तर पहिल्या रात्री अर्धाच खा, भरपूर पाणी प्या. मुक्कामाच्या ठिकाणी जेवण आधी सांगावे लागते. रात्री नऊला पोचून काही मिळेल असे धरू नका.

गोव्यातून फेणीची किंवा वाइनची बाटली नेली तर?

नेऊ नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि बाहेरून बाटली आणणे हा गुन्हा आहे. सील न फोडलेली, भेट म्हणून नेलेली, एकच होती, यातले काहीही बचाव ठरत नाही. राज्याबाहेरच्या पर्यटकांना ठरावीक परवाना काढून परवानाधारक दुकानातून घेता येते, पण ती सोय शहरांपुरती. गाडीने जाणाऱ्यांनी डिकीत मागच्या सहलीची बाटली राहिली नाही ना, हे वापी ओलांडण्याआधी नव्हे, घरीच पाहावे. दीव-दमणला जाऊन आलेले गोवेकर इथे फसतात: ते केंद्रशासित प्रदेश, तिथला नियम वेगळा.

कोणती कागदपत्रे लागतात? आमच्या घरात काहींचे पासपोर्ट पोर्तुगीज आहेत.

भारतीय नागरिकांनी आधार किंवा तत्सम मूळ ओळखपत्र ठेवावे. हा सीमेलगतचा जिल्हा आहे, तपासणी होते. धोरडोच्या पांढऱ्या रणात जायचे असेल तर वेगळा परवाना काढावा लागतो, धोलावीऱ्याच्या अवशेषांसाठी नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेले, मग ते म्हापशात जन्मलेले असोत की मडगावात, कागदोपत्री परदेशी नागरिक. त्यांनी मूळ पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) कार्ड दोन्ही सोबत ठेवावे, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. मुक्कामाच्या मालकाला परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला भरून द्यावी लागते. लहान घरगुती मुक्कामांची त्यासाठी नोंदणी नसली तर ते ऐनवेळी खोली नाकारतात. म्हणून बुकिंग करतानाच सांगा. खावड्याच्या उत्तरेकडे फिरायचे असल्यास त्यांच्यासाठी परवानगीचे नियम भुजला पोलीस कार्यालयात विचारून घ्यावेत.

वयस्क आई-वडील आणि लहान मुले येऊ शकतील का?

येऊ शकतील, सगळीकडे नाही. संग्रहालय आणि पूर्वेचा जलाशय बहुतेकांना जमतो. बालेकिल्ल्यावरचा चढ उंचसखल आहे, कठडे फार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. त्यांच्यासाठी सकाळची वेळच ठेवा आणि साडेदहाला परत फिरा. जलाशयांच्या काठाशी मुलांचा हात सोडू नका, काठाखाली दहा मीटरची खोली आहे.

साप-विंचू, आजारपण?

फुरसे कोकणाप्रमाणे कच्छातही आढळते. दगडांच्या फटीत हात घालू नका, सकाळी बूट झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका. दंश झालाच तर जागा कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काही करू नका. अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. हा क्रमांक गोव्यात चालतो तसाच गुजरातेतही. जवळचे मोठे गाव रापर, सुमारे नव्वद किलोमीटर. मोठी रुग्णालये भुज आणि गांधीधामला. रोजची औषधे दोन दिवस जादा घ्या.

फोन, पैसे?

रेंज गावात मिळते, रणात तुटते. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. यूपीआय रेंजवर चालते, म्हणून तीन-चार हजार रुपये सुटे ठेवा.

ड्रोन उडवता येईल?

नाही. संरक्षित स्मारक आणि सीमावर्ती जिल्हा, दोन्ही कारणांनी परवानगीशिवाय ड्रोन जप्त होऊ शकतो. तिपाईलाही परवानगी लागते. साधा कॅमेरा आणि मोबाइल चालतो.

जमिनीवर खापरांचे तुकडे पडलेले असतात. एखादा आठवण म्हणून उचलला तर काय बिघडते?

फार बिघडते. खापर कुठल्या थरात, कुठल्या खोलीशेजारी, कशाबरोबर पडले आहे यावरून त्याचा काळ आणि उपयोग ठरतो. तो उचलला की हातात उरतो भाजलेल्या मातीचा एक तुकडा, आणि जमिनीतून एक शब्द खोडला जातो. पाहून तिथेच परत टाकणेही बरे नव्हे, कारण ‘तिथेच’ म्हणजे दोन फूट बाजूला. खाली बसा, पाहा, फोटो घ्या, हात मागे ठेवा. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भिंतीवर उभे राहून फोटो काढणे हीसुद्धा नासधूसच, कच्च्या विटेचा गाभा टाचेखाली भुगा होतो.

आसपास आणखी काय आहे?

धोलावीऱ्यापासून दहा-एक किलोमीटरवर रणाच्या काठाला जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत. संध्याकाळी जा, तिथून रण विस्तीर्ण दिसते. भुजमध्ये आयना महाल, कच्छ संग्रहालय, आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची आठवण जपणारे स्मृतिवन पाहा. अहमदाबादला एक दिवस जादा असेल तर लोथल. तिथे भाजक्या विटांचे काम आहे, त्यामुळे धोलावीऱ्याचा दगड जास्त कळतो.

स्वतःची गाडी नेली होती. परत आल्यावर काही करायचे का?

गोव्यापर्यंत थांबू नका, भुज किंवा भचाऊलाच गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या. चाकांच्या कमानी, सायलेन्सरचे जोड, ब्रेकची नळी आणि दारांच्या खालची भोके यांत खारा चिखल बसतो. वाळल्यावर तो निरुपद्रवी वाटतो, पण गोव्याच्या दमट हवेत शिरताच मीठ पुन्हा ओलावा ओढते आणि गंज सुरू होतो. घरी आल्यावर आठवड्याने पुन्हा एकदा धुवा, आणि बुटांच्या शिवणीसुद्धा.